मरळीची रिकामी पोटं

विष्णुपुरी, नांदेड
८ ऑगस्ट २०२२

प्रिय सिंधुताई,

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या धपाट्यांमुळं शेजारच्या सीटवरच्या बाईशी ओळख झाली. तिनं दोन मागून घेतले आणि उतरताना "तुमच्या बहिणीला सांगा, तीळ जरा कमी पडलेत" असंही सांगून गेली.

तू हो म्हणालीस आणि माझं निम्मं ओझं उतरलं. मावशीची लेक तळ्याकाठी दिलेली आहे, या एवढ्याशा नशिबावर माझी पीएच.डी. उभी आहे. वय एक्केचाळीस, नोकरी तासिका तत्त्वावर. कायमच्या जागेची जाहिरात निघेल तेव्हा हातात डिग्री नसेल तर मग ती नोकरी कधीच नाही.

कामाचं पुन्हा एकदा सांगते. तुमच्या वस्तीवरचा केरबा गळानं मरळ धरतो. मासा त्याचा, पोट आपलं. जठराची पिशवी सोडवून घे, दोन्ही टोकं दोऱ्यानं बांध, पेन्सिलीनं तारीख आणि माशाची लांबी लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याला अडकव आणि फॉर्मालिनच्या बरणीत सोड. हातमोजे घालायचे, नाकातोंडावर पदर घ्यायचा. ते औषध वाईट असतं. पिशवी उघडून पाहायची नाही, ते माझं काम. मरळ म्हणजे त्या तळ्यातली वाघीण. ती काय खाते, किती खाते, हे कळलं की तळ्यात कोण कुणाच्या जिवावर जगतं ते कळतं. पिशवी रिकामी वाटली तरी पाठव. रिकामं पोट हीसुद्धा माहितीच असते.

आपला बजरंग उदगीर–नांदेड गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्याकडं बरणी देत जा. सोबत चार ओळी लिहून टाक. फोनवर आकडे ऐकताना मी चुकते.

निवृत्तीभावजींना नमस्कार.

तुझी
मुग्धा


तळ्याकाठची वस्ती, शिरूर अनंतपाळ
६ सप्टेंबर २०२२

प्रिय मुग्धास अनेक आशीर्वाद.

पहिली बरणी पाठवते आहे. पोटं सांगितल्याप्रमाणे बांधली आहेत, गाठी मात्र माझ्या गोधडीच्या टाक्यासारख्या झाल्या आहेत.

आमच्या सासूबाई माळकरी, हे तुला माहीत आहे. त्यांच्या चुलीपाशी मासळीचं नावसुद्धा निघत नाही. म्हणून गोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीमागं पाट मांडला. पहिल्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बारावी शिकून हेच करायचं होतं का? मढी फाडायची?" मी म्हटलं, "नांदेडच्या मॅडमचं काम हाय." तर म्हणाल्या, "मग मॅडमनं सोताच्या गोठ्यात फाडावीत." तुला गोठाच नाही, हे मी सांगितलं नाही. तुझी इज्जत राखली.

केरबाला तर खेळच सापडलाय. "वैनी, तुमी मोठ्या डाक्टरीन झाल्या. माझं बी पोट दुखून राहिलंय, बघता का?" मी म्हटलं, "आधी मर, मग बघते." दोघंही हसलो. त्या गोठ्यात कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते. म्हशीनंसुद्धा वळून पाहिलं.

परवा मच्छीमार सोसायटीनं तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून आणतात. निम्मी वाटेतच मेलेली असतात, ती काठावर ओतून देतात. चांदीच्या कापासारखी चमकत पडली होती. चेअरमन वसंतराव दरवर्षी म्हणतात, बोटुकली सोडतो ती जातात कुठं? पावसात सांडव्यावरून पाणी जातं तेव्हा तिथं जाळी नसते, हे कुणी बोलत नाही.

हे लातूरला शाळेत लिपिक आहेत, तिथंच खोली आहे. येत्या शनिवारी येतो म्हणाले आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला शेवटचं पत्र आईचं आलं होतं. फोनवर बोलले की घरभर ऐकू जातं आणि सासूबाई विचारतात, "कोन गेलं?"

एक सांगायचं राहिलं. हाताला बरीच पोटं रिकामी लागतात. मन खट्टू होतं.

तुझी
सिंधुताई


विष्णुपुरी, नांदेड
१४ ऑक्टोबर २०२२

प्रिय सिंधुताई,

दोन्ही बरण्या मिळाल्या. काम नीट झालंय, गाठी उत्तम. पण बहुतेक पिशव्या खरंच रिकाम्या निघाल्या. गळाला लागलेला मासा धडपडताना खाल्लेलं ओकून टाकतो, त्यामुळंही असेल. उरलेल्यांत बेडकीचा पाय, चतुराच्या अळ्या, झिंगे, दोनतीन चिलापी मासे.

आज सरांना तक्ता दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, रिकाम्या पिशव्यांवर प्रबंध होत नसतो." त्यांच्या मते मी तळं बदलावं. इथं विष्णुपुरीच्या जलाशयात जाळी टाकणारे बरेच आहेत, आमची मुलंही जाऊन आणू शकतात. मला पटत नव्हतं, पण मुदत संपत आली आहे. अजून दोन बरण्या पाहू आणि मग तुझ्याकडचं काम थांबवू. तुझाही त्रास वाचेल, सासूबाईंची बोलणीही.

घाईत आहे. बाकी सगळं ठीक असेलच.

मुग्धा


शिरूर अनंतपाळ
२० नोव्हेंबर २०२२

प्रिय मुग्धास आशीर्वाद.

त्रासाचं मनावर घेऊ नकोस. मला त्रास नाही.

बरणी पाठवते आहे. या खेपेला बरीच भरलेली निघाली. थंडी सुरू झाली की मरळ जास्त खात असेल, तुला माहीत.

दिवाळीला हे येणार होते, शाळेत काही तपासणी निघाली.

तू कशी आहेस ते लिही. थोडं लांब लिही.

तुझी
सिंधुताई


विष्णुपुरी, नांदेड
१२ जानेवारी २०२३

माझी लाडकी ताई,

महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही बरण्या उघडल्या आणि खुर्चीवरून उठून प्रयोगशाळेत एक फेरी मारून आले. भरलेल्या! आणि काय भरलेलं सांगू? रोहू-कटल्याची बोटुकली. एकेका पोटात दोन-दोन. आणि इतकी ताजी, की खवलंसुद्धा जागच्या जागी. केरबा पहाटेच गळ काढतो, म्हणजे मरळीनं नुकतंच गिळलेलं असणार.

आणखी एक. मासे खाणारा मासा भक्ष्य डोक्याकडून गिळतो. मग त्याच्या परांचे काटे मिटतात आणि घशात रुतत नाहीत. तुमच्या तळ्यातल्या मरळींच्या पोटात मात्र जवळजवळ सगळी बोटुकली शेपटीकडून गेलेली आहेत. असं मी कुठंच वाचलेलं नाही. सरांना दाखवलं तर त्यांनी चहा मागवला. आमचे सर चहा मागवतात म्हणजे काय, ते कॉलेजातल्या कुणालाही विचार. परिषदेत मी यावर निबंध वाचला. पुण्याच्या एका बाईंनी मागून येऊन हात हातात घेतला. तळं बदलायचा विषय संपला.

लातूरच्या पेपरात छोटी बातमीही आली आहे: सोसायट्यांची बोटुकली मरळीच्या पोटात. कात्रण सोबत ठेवलंय.

हे सगळं तुझ्या हातांमुळं. तू बरण्या पाठवत राहा. मी दर खेपेला लिहीन. मोठं लिहीन.

तुझी
मुग्धा


शिरूर अनंतपाळ
१९ मार्च २०२३

प्रिय मुग्धास आशीर्वाद.

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. विष्णुपुरीच्या धरणाची भिंत, तुझ्या खोलीखालचा बोरीचा कट्टा, हजेरीपटावर चित्रं काढणारी मुलगी, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी ती पत्रं पीठ चाळताना मनातल्या मनात म्हणते.

आज वेगळंच लिहायचं आहे. पेपरमधली बातमी वसंतरावांनी सोसायटीच्या भिंतीवर डकवली आहे. परवा केरबा तिथून जात होता, तर चारचौघांत त्याला म्हणाले, "काय रे, आमची बोटुकली तुझ्या मरळी खाऊन राहिल्या, आन् तू त्या इकून खातूस. म्हनजे आमचं घर तूच खाल्लं की!" केरबा सोसायटीत नाही, त्याच्याकडं शेत नाही. त्याचं घर मरळीवर चालतं. आजाऱ्याला, बाळंतिणीला मरळ लागते, म्हणून लोक त्याच्या दारात येतात. तो तिथून सरळ गोठ्यात आला. मला म्हणाला, "वैनी, मरळ बोटुकली खाती व्हय? मी हितं जल्म काढला. माझ्या नदरंला कशी आली न्हाई?"

मे महिन्यात पाणी उतरलं की मोहाची पेंड टाकून सगळ्या मरळी मारायच्या, असं ठरतंय.

मुग्धा, तू वसंतरावांना एक पत्र लिहिशील? की अजून नक्की नाही, आणखी बघायला पाहिजे, म्हणून. शास्त्रात असं होतं ना, की आधी एक वाटतं आणि नंतर दुसरंच निघतं? तू शिकलेली आहेस. तुझं ते ऐकतील.

उत्तर लवकर दे.

सिंधुताई


विष्णुपुरी, नांदेड
११ एप्रिल २०२३

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुझं मन मऊ आहे, लहानपणी कोंबडी कापली की तू दोन दिवस जेवायची नाहीस. पण मी असं पत्र कसं लिहू? पुरावा माझ्यासमोर बरण्यांत आहे. नक्की नाही असं लिहिलं, तर उद्या परीक्षक तेच पत्र माझ्यापुढं धरतील. जूनमध्ये प्रबंध द्यायचा आहे. जाहिरातही जूनमध्येच येते आहे म्हणतात.

आणि मोहाची पेंड ही काही नवी गोष्ट नाही. बोटुकली सोडण्याआधी शिकारी मासे काढून टाकावेत, असं पुस्तकांतही दिलेलं असतं. केरबाला सोसायटीत घ्या, एवढं मी वसंतरावांना फोनवर सुचवून पाहीन.

एक मात्र सांगते, रागावू नकोस. खरंच पेंड टाकली, तर मेलेल्या मरळींतली मिळतील तितकी पोटं काढून पाठव. गळाला न लागलेल्या, न ओकलेल्या इतक्या मरळी पुन्हा कधी मिळायच्या नाहीत. प्रबंधाला चांगलं शेवटचं प्रकरण होईल.

तुझी
मुग्धा


शिरूर अनंतपाळ
२८ मे २०२३

प्रिय मुग्धास,

टाकली.

पाणी उतरून मधला डोह राहिला होता. चुरा केलेली पेंड पोत्यांनी आणली, तराफ्यावर बसून चहूकडं फेकली. थोड्या वेळानं पाण्याला साबणासारखा फेस आला. आधी बारकी मासळी वर आली, मग चिलापी, मग वाम. मरळी शेवटी. त्या वर येऊन तोंड उघडून हवा घेतात, हे तूच मला शिकवलं होतंस. तशाच येत राहिल्या. एकदा, दोनदा, मग तिथंच तरंगल्या. पिल्लांचा लाल घोळका पाण्यात दिसला आणि त्याच्याखाली दोघं आईबाप होते. पिल्लं तरंगू लागली तरी ते तिथून हलत नव्हते. पोरं खडे मारून दाखवत होती, "त्या बगा, त्या बगा."

पेंडीनं मेलेला मासा खाता येतो म्हणून लातूरचे व्यापारी टेम्पो घेऊन आले होते. जत्रेसारखं झालं. वसंतरावांनी मला हाक मारली, "घ्या की बाई तुमची पोटं, आज काय तोटा न्हाई!" केरबा पलीकडच्या काठावर उकिडवा बसला होता. नंतर नव्हता.

दिवसभर पोटं काढली. गोठ्याबाहेरच, उघड्यावर. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मोठी बरणी सोबत आहे. या पोटांत मी काही घातलेलं नाही.

सिंधुताई


विष्णुपुरी, नांदेड
९ जून २०२३

सिंधुताई,

बरणी पाहिली. बेडूक, पाणकिडे, झिंगे, चिलापी, मेलेल्या माशांचे तुकडे. एका पोटात मरळीचंच पिल्लू. जे गिळलंय ते सगळं डोक्याकडून. बोटुकलं एकही नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला कळलेलं नाही, असं समजून मी दोन दिवस काढले.

कोणत्या बरण्या? फक्त तेवढं कळव.

मुग्धा


शिरूर अनंतपाळ
१८ जून २०२३

मुग्धा,

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या सगळ्या.

काठावर ओतलेली मेलेली बोटुकली मी सप्टेंबरमध्ये उचलून आणली होती. तेव्हा मनात काही नव्हतं. सुंदर दिसत होती, म्हणून तू दिलेल्या औषधातच एका बाटलीत ठेवली. मग तुझं ते तळं बदलण्याचं पत्र आलं. त्या दिवशी केरबानं आणलेल्या मरळीचं पोट हातात घेतलं, तर पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. तसं ते पाठवायला हात धजेना. वरच्या तोंडाकडून एक बोटुकलं आत सरकवलं. डोक्याला धरून सरकवत होते, म्हणून शेपटी आधी गेली. मरळ डोक्याकडून गिळते, हे मला कुठं माहीत होतं. तू जानेवारीत ते लिहिलंस, तोवर सगळ्यांचा चहा पिऊन झाला होता. पुढं उलटं घातलं असतं, तर तुला संशय आला असता, म्हणून तसंच घालत राहिले. म्हणजे बघ, चूक कळल्यावरसुद्धा मी ती नीट जपली.

तुझ्या डिग्रीसाठी केलं, असं मी सासूबाईंसमोर म्हणेन. तुझ्यासमोर नाही. तू तळं बदललं असतंस, तर बजरंगाच्या गाडीतून माझ्यासाठी काही आलं नसतं. एवढंच होतं. पोटं भरलेली गेली की तुझं पत्र मोठं येतं, हे मला दुसऱ्याच बरणीला कळलं.

मार्चमध्ये मी तुला सांगायला बसले होते. पान लिहिलंही होतं. मग ते चुलीत घातलं आणि "शास्त्रात असं होतं ना" असं लिहिलं. तू ओळखशील असं वाटलं होतं.

वसंतरावांना जाऊन सांगू का? तू म्हणशील तसं. त्यात तुझं नाव जाईल, म्हणून थांबले आहे.

केरबा उदगीरला गेला. आडतीवर हमाली करून राहिलाय म्हणतात. जाताना मला भेटला नाही, त्याला काही ठाऊकही नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं.

सिंधु


शिरूर अनंतपाळ
२४ सप्टेंबर २०२३

प्रिय मुग्धा,

गेल्या पत्राचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

तू येऊन गेलीस म्हणे. बजरंगानं सांगितलं. तू सोसायटीत गेलीस, तासभर बसलीस आणि त्याच गाडीनं परत फिरलीस. आमची वस्ती तिथून दिसते. मी त्या वेळी शेंगा वाळत घालत होते. मान वर केली असती, तर दिसली असतीस.

तू काय बोललीस ते वसंतरावच सांगत फिरतात, आणि हसत सांगतात. तू म्हणालीस, माझ्या नोंदीत चूक झाली, मरळ बोटुकली खात नव्हती, निदान तेवढी तर नाहीच. ते तुला म्हणाले, "मॅडम, तुमी तवा बी शिकलेल्या हुत्या, आता बी शिकलेल्याच हाव. आमी अडान्यांनी कोन्त्या मॅडमचं ऐकावं?" तू म्हणालीस, "आत्ताच्या." तर म्हणाले, "मग मरळी परत आना."

चूक कुणाची ते तू सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि सांगितलं. माझ्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही. "बहिनीला वाचवून राहिल्या," म्हणाले. वसंतरावांनी मला बसायला खुर्ची दिली. यापूर्वी कधी दिली नव्हती.

प्रबंधाचं काय केलंस?

सिंधुताई


नांदेड
३ नोव्हेंबर २०२४

सिंधुताई,

वर्षाहून जास्त झालं. खोली बदलली आहे, आता विष्णुपुरीत नाही, गावात राहते. तुझं सप्टेंबरचं पत्र नव्या पत्त्यावर उशिरानं मिळालं. उघडायला त्याहून उशीर केला.

प्रबंध मागं घेतला, नोंदणीच रद्द केली. तुमच्या गावाहून परत आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर घेतला नव्हता, हेही सांगते. सरांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "शेपटीचा परिच्छेद काढा आणि बाकीचं राहू द्या. मेलेल्या मरळी साक्षीला येणार आहेत का?" मी काढला. नवी प्रत बांधून घेतली. जमा करायच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढं दोघंच होते. मला वाटलं, तळ्यात झालं ते झालं, निदान एकीचं तरी भलं होऊ दे. मग ती प्रत घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वसंतरावांकडं गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, पेंड टाकल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला असता, तर कदाचित माझ्या मनाची टोचणी तिथंच संपली असती आणि मी प्रत जमा करून टाकली असती. ते हसले. म्हणून मागं घेतला. यात काही मोठेपणा नाही.

जाहिरात आली आणि गेली. जागा भरली. तासिकाही पुढच्या वर्षी मिळाल्या नाहीत. एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. अन्नसाखळीचा धडा येतो, तेव्हा फळ्यावर बाण काढते आणि पुढं जाते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या शेजारी येऊन बसली आहे. खवलं जागच्या जागी होती, ताई. मरळीच्या पोटात घटकाभरही राहिलेला मासा असा नसतो. हे मी मुलांना शिकवते. जानेवारीत मी ते पाहिलं आणि "पहाटेच गिळलं असणार" असं लिहून टाकलं. तू घातलंस ते मला हवंच होतं.

तुझी सगळी पत्रं परवा ओळीनं वाचली. मी तुला लांबी विचारली, तारीख विचारली, गाठी कशा बांधल्यास ते विचारलं. निवृत्तीभावजी शनिवारी येणार होते, दिवाळीला येणार होते, असं तू लिहिलंस. आले का, हे मी कधीच विचारलं नाही. आज विचारते.

मुग्धा


शिरूर अनंतपाळ
१२ जानेवारी २०२५

प्रिय मुग्धास अनेक आशीर्वाद.

नाही आले. लातूरला त्यांचं दुसरं घर आहे. तू पहिली बरणी दिलीस, त्याच्याही आधीपासून मला ठाऊक होतं. सासूबाईंनाही ठाऊक आहे. आम्ही दोघी एकमेकींसमोर ठाऊक नसल्यासारखं वागतो, आणि त्यावरच हे घर चाललंय. गेल्या महिन्यात त्या पडल्या, तेव्हापासून अंथरुणातच आहेत. वैद्यांनी मरळीचा रस्सा द्या म्हणून सांगितलं. माळकरी बाई, पण भ्रमात असल्यासारख्या म्हणाल्या, "दे मग." मी तीन बाजार फिरले. शेवटी उदगीरहून आणलेली मिळाली, ती तळ्यातली नव्हती. त्यांनी दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं.

तुझा राग राहू दे. तो घालवायला मी काही करणार नाही. करायला गेले की माझ्या हातून काहीतरी भलतंच होतं.

तळ्याचं सांगते. दोन पावसाळे बोटुकली सोडली. जाळ्यात येते ती चिलापी, तळहाताएवढी, पोतीच्या पोती. धान्याच्या कणगीतल्या उंदरांसारखी झाली आहे. बोटुकल्यांचं खाणं तीच खाते, रोहू-कटला नुसता डोक्याचा दिसतो, मागं अंग नाही. तिला खाणारं आता कुणी उरलेलं नाही. व्यापारी येऊन जाळं पाहतात आणि टेम्पो रिकामा घेऊन जातात. सांडव्याला जाळी अजून नाही.

काठच्या बाभळींवर या वर्षी पाणकावळ्यांनी घरटी केली आहेत. इतके पाणकावळे मी कधी पाहिले नव्हते. चिलापीसाठी आले असतील, असं मला वाटतं, पण वाटण्यावर मी आता काही बोलत नाही. काल वसंतराव दोघातिघांना घेऊन वस्तीवर आले. ओसरीवर बसले, सासूबाईंची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या बहिनीला इचारा की, ह्यो पाणकावळा काय खातो? आमची बोटुकलीच खात असंल न्हाई?"

मी म्हटलं, "ती आता ते काम करत नाही."

"मग तुमी सांगा. तुमी बी पोटं फाडलीच की."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. चिलापी खातो, बोटुकली नाही, त्याला हात लावू नका. सांगितलं असतं, तर कदाचित ऐकलंही असतं. पण मी एकाही पाणकावळ्याचं पोट पाहिलेलं नाही. न पाहिलेलं एकदा सांगून झालंय. म्हटलं, "मला ठाऊक नाही."

वसंतराव उठले, धोतर झटकलं. बरोबरच्यांना म्हणाले, "ठाऊक न्हाई म्हनजे खातच असंल."

उद्या बाभळी तोडणार आहेत.

तुझी
सिंधुताई